गुंगीची दुसरी बाजू : शामक औषधे, मेंदूतील दाह आणि रोगप्रतिकारक पेशींचे चयापचय

शामक औषधांचा अभ्यास दीर्घकाळ चेतापेशींच्या अंगानेच होत आला आणि त्यामागचे कारणही सरळ होते. रुग्णाची भीती, अस्वस्थता व जाणीव कमी करणे हेच ज्यांचे काम, त्या औषधांचा परिणाम जाणीव जिथे घडते तिथेच शोधला जाणार. परंतु शिरेतून दिलेले औषध चेतापेशीचा पत्ता विचारत फिरत नाही. ते रक्ताबरोबर फुप्फुसे, यकृत, प्लीहा आणि अधिवृक्क ग्रंथी यांच्यापर्यंत पोचते, रक्तातील पांढऱ्या पेशींना गाठते आणि मेंदूत शिरल्यावरही तिथल्या ज्या पेशी चेतापेशी नाहीत त्यांना वगळत नाही. भूलशास्त्र आणि अतिदक्षता वैद्यक यांनी गेल्या चार दशकांत या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वळवले, आणि त्यातून जे हाती लागले ते जितके उद्बोधक आहे तितकेच सावध करणारेही आहे.

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपाद्य दोन विधानांत मांडता येते. पहिले असे की कोणतेही शामक औषध निव्वळ शामक नसते. रोगप्रतिकारक पेशी कोणते इंधन कसे जाळतात आणि त्या जोरावर दाह किती भडकवतात, यातही ते ढवळाढवळ करते. दुसरे असे की प्रयोगशाळेत दाह कमी करणारे औषध रुग्णाच्याही हिताचे असणारच, हे गृहीतक मोठ्या चाचण्यांच्या कसोटीला उतरलेले नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांचा मेळ कसा घालायचा हाच या विषयाचा गाभा आहे.

१. गुंगी कशी येते

मेंदूत चेतापेशींना आवर घालणारे प्रमुख रसायन म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, संक्षेपाने गॅबा. हे रसायन चेतापेशीच्या पृष्ठभागावरील गॅबा-ए या ग्राहीला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, जोडले गेले की त्या प्रथिनातील वाट उघडते, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशी सहजासहजी उद्दीपित होत नाही. बेंझोडायझेपिन गटातील औषधे गॅबाचा हाच परिणाम वाढवतात. लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून हॉफमन-ला रोश कंपनीने १९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ साली डायझेपाम बाजारात आणले, आणि पुढे त्याच घराण्यातील मिडाझोलाम व लोराझेपाम ही औषधे अतिदक्षता विभागात रुजली.

प्रोपोफोल हे रासायनिकदृष्ट्या वेगळ्या कुळातील, पण तेही मुख्यतः गॅबा-ए ग्राहीवरच काम करते. ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन यांनी त्याचा पाठपुरावा केला. १९७७ च्या पहिल्या चाचण्यांत वापरलेल्या द्रावकामुळे काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया आली, म्हणून ते मागे घ्यावे लागले आणि सोयाबीन तेलाच्या पायसात मिसळून १९८६ साली नव्या रूपात आणावे लागले. डेक्समेडेटोमिडिनची वाट मात्र निराळी आहे. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो व तो नॉरअ‍ॅड्रिनलिन स्रवून मेंदूला जागे ठेवतो. हे औषध अल्फा-२ ग्राहींमार्फत त्या पुंजक्याला शांत करते, आणि म्हणूनच त्याने आलेली गुंगी नैसर्गिक झोपेच्या जवळ जाते व हाक मारली की रुग्ण डोळे उघडतो. अमेरिकेत अतिदक्षता विभागातील वापरासाठी त्याला १९९९ साली मान्यता मिळाली.

२. मेंदूतील दाह आणि त्याचे पहारेकरी

दाह म्हणजे इजा किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर शरीराने उभारलेला बचाव होय. बाहेरच्या अवयवांत तो लाली, सूज, उष्णता आणि वेदना या रूपांनी दिसतो, तर मेंदूत तो बहुधा डोळ्यांना दिसत नाही आणि गोंधळलेले बोलणे, हरवलेले अवधान व मंदावलेली स्मृती यांवरूनच त्याचा अंदाज बांधावा लागतो. या बचावाचे मुख्य पहारेकरी म्हणजे मायक्रोग्लिया या पेशी. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली त्यांचे स्वतंत्र वर्णन केले. गर्भावस्थेत पीतक कोशातून निघून या पेशी मेंदूत वस्तीला येतात, पुढे तिथेच आपली संख्या राखतात, मृत पेशींचा कचरा उचलतात, निकामी जोडण्या छाटतात आणि संकट जाणवले की इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखी दाहाचा संदेश देणारी प्रथिने सोडतात.

संकट मेंदूतच असावे लागते असेही नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या पायाच्या हाडावर शस्त्रक्रिया केल्यानंतर स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागात इंटरल्यूकिन-१ बीटा वाढले आणि स्मृती मंदावली, तर इंटरल्यूकिन-१ चा मार्ग रोखलेल्या उंदरांत हा परिणाम सौम्य राहिला. पायाला झालेली जखम रक्तातील संदेशांमार्फत मेंदूपर्यंत कशी पोचते, हे या प्रयोगांनी स्पष्ट केले.

गुंगीचा या पहारेकऱ्यांवर काय परिणाम होतो, हे कळण्याची कथा संशोधनपद्धतीच्या दृष्टीनेही मनन करण्याजोगी आहे. २००५ साली जिवंत उंदराच्या कवटीत खिडकी करून मायक्रोग्लियाचे चित्रण झाले, तेव्हा ‘विश्रांत’ मानल्या गेलेल्या या पेशी आपल्या बारीक शाखा सतत हलवून आसपासचा परिसर चाचपत असल्याचे दिसले आणि ते चित्र पाठ्यपुस्तकांत गेले. परंतु ते उंदीर भुलीखाली होते. २०१९ साली अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांनी जागे उंदीर आणि भूल दिलेले उंदीर यांची तुलना केली, तेव्हा जागेपणी स्रवणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन मायक्रोग्लियाच्या शाखांना आखडून ठेवते आणि भूल दिली की हा लगाम सुटून शाखा अधिक पसरतात, असे आढळले. म्हणजे निरीक्षणासाठी वापरलेली भूलच निरीक्षणाचा विषय बदलत होती. आणि ज्या रुग्णाला अनेक दिवस सलग गुंगीत ठेवले जाते, त्याच्या मेंदूतील पहाराही जागेपणीच्या पहाऱ्यापेक्षा वेगळ्या स्थितीत असणार, हे या निरीक्षणाचे साधे तात्पर्य आहे.

३. प्रतिकारक पेशींचे इंधन

दाह भडकवणे हे खर्चाचे काम आहे, आणि तो खर्च पेशी दोन मार्गांनी भागवतात. पेशीद्रवात ग्लुकोजचे अर्धवट विघटन केल्यास, म्हणजे ग्लायकोलायसिसने, एका ग्लुकोज रेणूमागे एटीपी या ऊर्जावाहक रसायनाचे निव्वळ २ रेणू मिळतात. तोच रेणू पुढे तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, क्रेब चक्र आणि प्राणवायू यांच्या साहाय्याने पूर्ण जाळला तर ही मिळकत सुमारे ३० ते ३२ रेणूंपर्यंत जाते. असे असूनही, जंतूंची चाहूल लागलेली महाभक्षक पेशी, म्हणजे जंतूंना गिळणारी मॅक्रोफेज, प्राणवायू उपलब्ध असतानाही पहिल्या, उधळ्या मार्गाकडे वळते. पालापाचोळ्याचा जाळ लाकडाच्या विस्तवासारखा टिकत नाही, पण तो पेटतो तत्काळ. पेशीला त्या घडीला टिकण्यापेक्षा तत्परतेची गरज अधिक असते. कर्कपेशींतील असा कल जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात नोंदवला होता.

या वळणानंतर तंतुकणिका रिकाम्या बसत नाहीत, तर त्यांचे काम पालटते. चिथावलेल्या महाभक्षक पेशीत क्रेब चक्र मध्येच तुटते आणि सक्सिनेट हा त्यातील एक पदार्थ साचू लागतो. डब्लिनमधील ल्यूक ओ’नील यांच्या गटाने २०१३ साली दाखवले की साचलेले सक्सिनेट हे एचआयएफ-१ अल्फा या प्रथिनाला टिकवून धरते आणि ते प्रथिन इंटरल्यूकिन-१ बीटाची निर्मिती वाढवते. त्याच चक्रातून फुटणारा इटाकोनेट हा दुसरा पदार्थ मात्र दाहाला आवर घालतो, हे २०१८ पर्यंत स्पष्ट झाले. चयापचयातील एक पदार्थ दाह पेटवतो व दुसरा विझवतो, म्हणजेच इंधनाचा हिशेब आणि दाहाचा हिशेब एकाच वहीत लिहिला जातो, ही आजच्या प्रतिकारशास्त्रातील मध्यवर्ती जाणीव आहे. साहजिकच तंतुकणिकांना स्पर्श करणारे प्रत्येक औषध, मग ते कोणत्याही हेतूने दिलेले असो, दाहालाही स्पर्श करते.

४. औषधे जिथे आड येतात

या बाबतीतला पहिला मोठा इशारा ग्लासगोहून आला. १९८३ साली लेडिंगहॅम आणि वॉट यांनी निदर्शनास आणले की गंभीर जखमी रुग्णांना गुंगीत ठेवण्यासाठी इटोमिडेट हे औषध सलग दिले जाऊ लागल्यापासून त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण वाढले होते. रक्तदाब फारसा न घसरवणारे म्हणून हे औषध सुरक्षित मानले जात होते. परंतु अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या विकराला ते अडवते, आणि कॉर्टिसॉल हा तर दाहावरचा शरीराचा स्वतःचा लगाम. गुंगी उत्तम लागत होती आणि त्याच वेळी संकटाशी झुंजण्याचे बळ काढून घेतले जात होते. सलग गुंगीसाठी इटोमिडेटचा वापर त्यानंतर बंद पडला.

प्रोपोफोलचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्याची रेणुरचना फिनॉलची असून ई जीवनसत्त्वाशी तिचे साम्य आहे, त्यामुळे ते ऑक्सिडीकारक मुक्त कणांना निष्प्रभ करू शकते, आणि जंतुविषाने चिथावलेल्या महाभक्षक पेशींवर ते टाकले असता दाहकारक प्रथिनांची निर्मिती घटते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मात्र त्याच पेशींची जंतूंकडे सरकण्याची आणि त्यांना गिळण्याची शक्तीही घटते. शिवाय ते तंतुकणिकांतील इलेक्ट्रॉनवहनात आणि स्निग्धाम्लांच्या ज्वलनात अडथळा आणते. १९९२ साली ब्रिटनमध्ये श्वसनमार्गाच्या संसर्गासाठी अतिदक्षता विभागात ठेवलेल्या व प्रोपोफोल दिलेल्या पाच मुलांच्या मृत्यूंची नोंद झाली. रक्तातील आम्लता वाढत जाऊन त्यांचे हृदय बंद पडले होते. पुढे या स्थितीला प्रोपोफोल इन्फ्युजन सिंड्रोम हे नाव मिळाले. दर किलो वजनामागे ताशी ४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रा ४८ तासांहून अधिक काळ दिल्यास हा धोका वाढतो, ही आज भूलतज्ज्ञांची सर्वपरिचित मर्यादा आहे.

औषधाबरोबर जाणारे तेलही हिशेबात धरावे लागते. १ टक्का प्रोपोफोलच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध आणि ०.१ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतो, आणि त्याचे ऊर्जामूल्य १.१ किलोकॅलरी भरते. ६० किलो वजनाच्या रुग्णाला दर किलोमागे ताशी ३ मिलिग्रॅम या वेगाने ते दिले, तर इन्फ्युजन पंपावर ताशी १८ मिलिलिटर हा आकडा दिसतो आणि दिवसभरात ४३२ मिलिलिटर पांढरे पायस, म्हणजे सुमारे ४३ ग्रॅम तेल आणि ४७५ किलोकॅलरी, शिरेतून आत जातात. स्निग्धाम्ले जाळण्याची क्षमता औषधाने रोखलेली आणि स्निग्धाम्लांचा पुरवठा त्याच औषधाने वाढवलेला, अशी ही विचित्र स्थिती असते. म्हणूनच असा रुग्ण असलेल्या विभागात ट्रायग्लिसराइडची तपासणी अधूनमधून केली जाते आणि आहारतज्ज्ञ या कॅलरी नळीवाटे दिल्या जाणाऱ्या अन्नातून वजा करतात.

बेंझोडायझेपिनांच्या बाबतीत एक महत्त्वाचा धागा मूत्रपिंडात सापडला. १९७७ साली उंदरांच्या मूत्रपिंडात डायझेपामला धरून ठेवणारे एक स्थान आढळले, आणि त्याचा गॅबाशी संबंध नव्हता. आज टीएसपीओ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे प्रथिन तंतुकणिकांच्या बाहेरील पटलावर असते, आणि मायक्रोग्लिया उत्तेजित झाल्या की मेंदूत त्याचे प्रमाण वाढते. पेट स्कॅनवर मेंदूतील दाह पाहण्यासाठी वापरली जाणारी किरणोत्सारी द्रव्ये याच प्रथिनाला चिकटतात. गॅबा-ए ग्राहीही केवळ चेतापेशींची मिरास नाही. ते फुप्फुसातील महाभक्षक पेशींवरही असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत डायझेपाम दिलेले उंदीर न्यूमोकॉकस जंतूच्या न्यूमोनियाला अधिक प्रमाणात बळी पडले, आणि त्याचे मूळ प्रतिकारक पेशींवरील गॅबा-ए ग्राहींत असल्याचे आढळले. त्याच वर्षी ब्रिटनमधील रुग्णनोंदींच्या अभ्यासात बेंझोडायझेपिनांचा वापर आणि न्यूमोनिया यांच्यात संबंध दिसला, अर्थात अशा नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

डेक्समेडेटोमिडिनकडून सर्वाधिक अपेक्षा होत्या आणि त्या निराधार नव्हत्या. केविन ट्रेसी यांच्या गटाने २००० साली दाखवले की व्हेगस हा मेंदूकडून छाती-पोटाकडे जाणारा चेतातंतू उद्दीपित केला असता जंतुविष टोचलेल्या उंदरांतील दाह घटतो. मेंदू चेतातंतूंमार्फत दाहाला लगाम घालू शकतो, याचा तो पुरावा होता. डेक्समेडेटोमिडिन अनुकंपी चेतासंस्थेला शांत करून व्हेगसचे पारडे जड करते. २००४ साली जपानमध्ये जंतुविष दिलेल्या उंदरांत या औषधाने दाहकारक प्रथिने आणि मृत्यू दोन्ही घटल्याचे दिसले.

५. खाटेशेजारची कसोटी

मेंदूतील दाहाचे अतिदक्षता विभागात दिसणारे रूप म्हणजे डिलिरियम, म्हणजे घरचे लोक ज्याला ‘वात झाला’ असे म्हणतात ती, अचानक उद्भवणारी व चढउतार होणारी गोंधळाची अवस्था. व्हेंटिलेटरवरील रुग्ण बोलू शकत नाही, म्हणून २००१ साली वेस्ली ईली यांच्या गटाने एक साधी परीक्षा प्रमाणित केली. परिचारिका रुग्णाचा हात हातात घेऊन दहा इंग्रजी अक्षरे सावकाश उच्चारते आणि ‘ए’ ऐकू आले की हात दाबायला सांगते. दोनपेक्षा अधिक चुका झाल्या तर अवधान ढळलेले आहे असे मानून पुढील तपासणी केली जाते. एवढ्या साध्या हस्तस्पर्शाने जे उघड झाले ते गंभीर होते: डिलिरियम झालेल्यांत पुढील सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण अधिक होते, आणि २००६ साली लोराझेपाम हा डिलिरियमचा स्वतंत्र धोकाघटक ठरला.

त्यानंतर औषधांची थेट तुलना सुरू झाली. २००७ च्या मेंड्स चाचणीत लोराझेपामपेक्षा डेक्समेडेटोमिडिनवरील रुग्णांना डिलिरियम व बेशुद्धी यांपासून मुक्त असे अधिक दिवस मिळाले. २००९ च्या सेडकॉम चाचणीत मिडाझोलामवरील ७६.६ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, तर डेक्समेडेटोमिडिनवरील ५४ टक्के रुग्णांना. मेंड्समधील सेप्सिस झालेल्या, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या अनावर प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या, ६३ रुग्णांचे वेगळे विश्लेषण केले असता त्यांपैकी डेक्समेडेटोमिडिनवरील रुग्णांत मृत्यूही कमी दिसले. दाह कमी करणारे शामक औषध सापडले, असे वाटण्याजोगी परिस्थिती होती.

मोठ्या चाचण्यांनी हे चित्र पालटले. २०१९ च्या स्पाइस-३ चाचणीत सुमारे ४००० रुग्ण होते आणि ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण डेक्समेडेटोमिडिन गटात व नेहमीच्या उपचारांच्या गटात अगदी सारखे, २९.१ टक्के, निघाले. २०२१ च्या मेंड्स-२ चाचणीत सेप्सिसच्या रुग्णांत त्याची प्रोपोफोलशी तुलना झाली. डिलिरियममुक्त व शुद्धीतील दिवस १०.७ विरुद्ध १०.८ भरले. दाहशामक म्हणून गाजलेल्या केटामिन या भुलीच्या औषधाने २०१७ च्या पॉडकास्ट चाचणीत शस्त्रक्रियेनंतरचा डिलिरियम टळला नाही, उलट भास आणि दुःस्वप्ने वाढली. सर्वांत कठोर उत्तर फ्रान्समधून आले. सेव्होफ्लुरेन या श्वासावाटे देण्याच्या भुलीच्या वायूने फुप्फुसाचा दाह घटतो, असे आधीच्या छोट्या अभ्यासांवरून वाटत होते. परंतु २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, ६८७ रुग्णांच्या सेसार चाचणीत तीव्र फुप्फुसविकाराच्या रुग्णांपैकी सेव्होफ्लुरेन गटातील ४७.१ टक्के, तर प्रोपोफोल गटातील ५५.७ टक्के रुग्ण ९० दिवसांनी हयात होते.

शस्त्रक्रियागृहातील पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. मांडीचे हाड खुब्यात मोडलेल्या वृद्धांना पूर्ण भूल देण्याऐवजी कमरेखालचा भाग बधिर केला तर डिलिरियम टळेल, ही अपेक्षा तर्कशुद्ध होती. उत्तर अमेरिकेतील रिगेन चाचणीत २०२१ साली हे प्रमाण बधिरीकरणात २०.५ टक्के व पूर्ण भुलीत १९.७ टक्के, तर चीनमधील रागा चाचणीत २०२२ साली अनुक्रमे ६.२ व ५.१ टक्के आढळले. हाड मोडणे, ऊतींना होणारी इजा आणि वार्धक्य यांतून उठणारा दाहच तिथे बलवत्तर असतो आणि भुलीच्या प्रकाराचा वाटा त्यापुढे लहान ठरतो, असे यावरून मानणे सयुक्तिक आहे.

६. विसंगतीचा अर्थ

उंदीर आणि रुग्ण यांच्यातील ही तफावत तीन कारणांनी समजून घेता येते. पहिले कारण वेळेचे: प्रयोगांत औषध बहुधा जंतुविषाच्या आधी किंवा त्याच सुमारास दिले जाते, तर रुग्ण अतिदक्षता विभागात येईपर्यंत दाह पेटून कित्येक तास, क्वचित दिवस, लोटलेले असतात. दुसरे कारण दाहाच्या दुहेरी स्वभावाचे: सेप्सिसमध्ये अतिरेकी दाहाबरोबर वा पाठोपाठ प्रतिकारशक्ती लुळी पडण्याची अवस्थाही येते, आणि त्या अवस्थेत महाभक्षक पेशीची भूक आणखी मारणारे औषध दाहशामक म्हणून गौरवायचे की संसर्गाला वाट देणारे म्हणून टाळायचे, हे रुग्णाच्या त्या घडीच्या स्थितीवर ठरते. तिसरे कारण तुलनेचे: डेक्समेडेटोमिडिनचा विजय बेंझोडायझेपिनांविरुद्ध होता, प्रोपोफोलविरुद्ध तो टिकला नाही, म्हणजे आधीच्या चाचण्यांतील फरक नव्या औषधाच्या गुणापेक्षा जुन्या औषधाच्या दोषातून आलेला असण्याचा संभव अधिक.

या पार्श्वभूमीवर ज्या उपायांची उपयुक्तता स्पष्ट झाली ते कोणत्याही नव्या रेणूचे नाहीत. शिकागोतील क्रेस व सहकाऱ्यांनी २००० साली १२८ रुग्णांत शामक औषध रोज एकदा थांबवून पाहिले, तेव्हा व्हेंटिलेटरचा मध्यक काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला. अर्थात संयमालाही टोक नसावे: २०२० च्या नॉनसेडा चाचणीत ७०० रुग्णांपैकी ज्यांना शामक औषध मुळीच न देण्याचे धोरण ठेवले, त्यांच्यातील मृत्यू हलक्या गुंगीत ठेवलेल्यांपेक्षा कमी निघाले नाहीत. हलकी गुंगी, वेदनेवर आधी उपचार आणि शक्य तिथे बेंझोडायझेपिन टाळणे, हीच दिशा २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही दिली.

चयापचय आणि दाह यांच्या नात्याचे संशोधन म्हणून निष्फळ ठरत नाही. कोणत्या रुग्णाच्या प्रतिकारक पेशी कोणत्या अवस्थेत आहेत हे रक्ताच्या नमुन्यावरून वेळेत सांगता येऊ लागले, तर शामक औषधाची निवड त्या अवस्थेनुसार करण्याचा मार्ग याच ज्ञानातून निघेल. तोवर मात्र शामक औषध हे प्रतिजैविकाइतक्याच गांभीर्याने लिहून देण्याचे औषध मानले गेले पाहिजे. ते कशासाठी सुरू केले, किती खोल गुंगी हवी आहे आणि ते कधी थांबवायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे रुग्णाच्या कागदावर रोज नव्याने लिहिली जावीत, कारण मात्रेतील प्रत्येक अनावश्यक वाढीचे मोल चेतापेशींबरोबर रोगप्रतिकारक पेशींनाही मोजावे लागते.